आश्रमशाळेचा मंत्री कोणाचा?

(शाळा उघडण्याआधी पाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी उतरवून छापत आहोत. पाड्यात मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज जमिनीवर बोलायचं ठरलं होतं. ते बोलणारच आहोत. दंडाच्या पावत्या कोणाकडे आहेत, कोणाच्या कुडात खोचलेल्या भिजून गेल्या, कोणाच्या उंदरांनी खाल्ल्या, हा हिशेब जेवणानंतर करू. आत्ता थोडा वेळ शाळेवर बोलायचं आहे. काही जण म्हणतील, प्लॉटचं सोडून हे काय काढलं? आधी ऐकून घ्या, मग आम्हाला शिव्या द्या.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. शाळेचं नाव घेत नाही. बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना आपापल्या शाळेचंच नाव आठवेल. आवणी उरकल्यावर आपला एक भाऊ पोराला भेटायला आश्रमशाळेत गेला. फडक्यात नाचणीच्या दोन भाकरी बांधलेल्या. पोरगा तिसरीत. वर्गात नाही, मैदानात नाही. झोपायच्या खोलीत गेला तर कोपऱ्यात चादरीखाली पोर पडलेलं, अंग तव्यासारखं तापलेलं. तीन दिवस तो तसाच होता. बापाने त्याला खांद्यावर टाकलं, ओढा ओलांडला आणि दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. सलाइन लावली, पोर वाचलं. आज तो इथेच मागे बसला आहे, त्याच्याकडे बघू नका, लाजेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जण शाळेवर गेलो. रागात होतो. अधीक्षक म्हणाले, “मला कोणी सांगितलंच नाही.” आम्हाला वाटलं खोटं बोलतात. पण पोरांना विचारलं तर ते खरं निघालं. खोलीत चाळीस पोरं झोपत होती. चाळीसही जणांना माहीत होतं की तो आजारी आहे. आणि कोणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही विचारलं, तुमचा पुढारी कोण? शाळेत मंत्रिमंडळ आहे ना?

ज्या आयाबाया शाळेत गेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आश्रमशाळेत दर वर्षी पोरांचं मंत्रिमंडळ असतं. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री. जूनमध्ये सर फळ्यावर नावं लिहितात, पोरं टाळ्या वाजवतात, झालं मंत्रिमंडळ. मंत्र्यांचं काम काय, तर शिट्टी मारायची, रांग लावायची, ताटं मोजायची, बोलणाऱ्यांची नावं लिहून सरांना द्यायची. आमच्यातले बरेच जण आश्रमशाळेतच शिकलो. आमच्यातला एक जण मॉनिटर होता, तो नावं लिहायचा आणि शाळा सुटल्यावर नदीवर मार खायचा. अजून आम्ही त्याला सोडलेलं नाही.

तर त्या शाळेचा मुख्यमंत्री आपल्याच एका पाड्यावरचा पोरगा होता. दहावीत, वर्गात पहिला, अक्षर मोत्यासारखं. बाप संघटनेचा जुना माणूस. त्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, होतं. मग सरांना का नाही सांगितलंस? तो रडायला लागला. म्हणाला, “मला सरांनी नेमलाय. मागं आमटी पातळ हाये म्हणून सांगितलं तवा सर बोलले, तू माझा मंत्री का त्यांचा?”

आम्ही तिथून परत आलो तेव्हा रस्त्याने कोणी फारसं बोललं नाही. पोराला काय दोष देणार? त्याने बरोबरच ओळखलं होतं. ज्याने नेमलं त्याचा तो माणूस. आणि हे आपण काय पहिल्यांदा बघतो आहोत? १९९२ पासून गावोगाव संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या आल्या. समिती गावाची, पण सचिव वनपाल. आपल्या भागात किती ठिकाणी सभासदांची नावं खिशातूनच लिहून आली, आठवा. मग त्या समितीने आपल्या प्लॉटवर खड्डे मारायचा ठराव केला की आपण म्हणायचो, अरे, हा तर आपला माणूस, त्याने सही कशी केली? त्याला गावाने निवडलं कुठे होतं? त्याला बोलावून बसवलं होतं.

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात १९९४ साली विद्यापीठांचा नवा कायदा झाला. त्याआधी कॉलेजात विद्यार्थी आपला प्रतिनिधी मतदानाने निवडायचे. त्या कायद्यानंतर वर्गात ज्याला चांगले मार्क त्याला प्राचार्य घ्यायचे. कारण दिलं ते खोटं नव्हतं. निवडणुकीत पैसा चालला होता, हाणामाऱ्या होत होत्या, खूनसुद्धा पडला होता. पण उपाय काय काढला, तर पोरांना विचारणंच बंद. पायात काटा मोडला म्हणून कोणी चालणं सोडतं का? काटा काढतात. मार्क जास्त मिळवणारा पोरगा हुशार असतो, त्याचं कौतुकच आहे, आमच्या पोरांनीही मिळवावेत. पण शेजारच्याला ताप आला तर रात्री जाऊन दार वाजवायची हिंमत मार्कात मोजत नाहीत.

म्हणून पुढच्या जूनमध्ये आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो आणि सांगितलं, यंदा मंत्री पोरांना निवडू द्या. तेव्हाचे मुख्याध्यापक माणूस सरळ होते. तरी आधी नाहीच म्हणाले. पोरं लहान आहेत, शाळेत राजकारण नको, शिस्त बिघडेल. आम्ही म्हणालो, सर, दहावीचा पोरगा दोन-तीन वर्षांत खासदार निवडणार आहे. १९८९ साली मताचं वय एकवीसवरून अठरावर आणलं ते सरकारनेच. शिकायचं कधी, मतदानाच्या रांगेत उभं राहिल्यावर? आणि पोरांचं ऐकायचं हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. जगातल्या देशांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला, त्यात बाराव्या कलमात लिहिलं आहे की पोराच्या बाबतीतल्या गोष्टीत त्याला आपलं मत सांगायचा हक्क आहे आणि वयाप्रमाणे त्या मताला वजन द्यायचं आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. सर म्हणाले, बघू. आणि खरंच बघितलं.

आता पहिल्या वर्षी काय फजिती झाली ते सांगतो. लपवायचं नाही, कारण फजितीतूनच जास्त कळलं.

सगळ्या पोरांना मैदानात बसवलं. ज्यांना उभं राहायचं ते पुढे आले. पोरांनी हात वर करायचे. आणि समोर कोण? सगळे सर आणि अधीक्षक, हाताची घडी घालून. पोरं आधी सरांच्या तोंडाकडे बघायची आणि मग हात वर करायची. त्यात एका मोठ्या गावची पोरं शाळेत सगळ्यात जास्त, त्यांनी आपल्या गावच्या धटिंगणाला निवडून आणलं. कातकऱ्यांची पोरं थोडी, त्यांचं नावही कोणी घेतलं नाही. मुलींपैकी एकीला घेतलं, सांस्कृतिक मंत्री म्हणून. तिचं काम रांगोळी काढायची आणि पाहुण्याला फूल द्यायचं. म्हणजे फळ्यावरच्या नावांऐवजी हातांनी तीच नावं. वर आम्ही गावात येऊन सांगितलं, लोकशाही आली!

रात्री बसून आम्ही आपसात भांडलो. एकाचं म्हणणं, मतदान नकोच, सगळ्यांच्या संमतीने करू. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गाव सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतं, एकाचाही विरोध असला तर थांबतं, पुन्हा बोलतं. ते गाव आपल्याला फार शिकवणारं आहे, त्यात शंका नाही. पण आमच्यातल्या बायांनी एक गोष्ट काढली ती आम्हाला पटली. मेंढ्यात बोलणारी माणसं मोठी आहेत, वर्षानुवर्षं अभ्यास करत बसलेली आहेत. शाळेत पहिलीची पोर दहावीच्या पोराच्या समोर “माझा विरोध आहे” म्हणेल का? तिथे सहमती म्हणजे मोठ्याचा आवाज आणि लहानाची मान. म्हणून ठरवलं की बोलणं भरपूर करायचं, खोली-खोलीत करायचं, पण शेवटी प्रत्येकाच्या हातात एक दाणा द्यायचा, आणि तो कुठे टाकला ते कोणी बघायचं नाही.

आणि वेळ बदलायची. हे मुख्याध्यापकांनीच सुचवलं. जूनमध्ये निवड केली तर जुने दहावीचे मंत्री शाळा सोडून गेलेले असतात. नव्याला काम दाखवणार कोण? कोठीची चावी कुठे असते, कोणता स्वयंपाकी समजून घेतो, कोणत्या लहान पोराला रात्री भीती वाटते, हे जुन्यालाच माहीत. म्हणून फेब्रुवारीत, दहावीची परीक्षा सुरू व्हायच्या आधी. जुने मंत्री खोली-खोलीत जाऊन बसले. त्यांनी उभं राहायचं नाही, कोणाचा प्रचार करायचा नाही, फक्त आपण वर्षभर काय केलं, कुठे चुकलो, काय जमलं नाही ते सांगायचं. आम्हाला वाटलं पोरं बढाया मारतील. पण तो धटिंगण, ज्याला आम्ही नावं ठेवली, तो म्हणाला, “मी लहान्यांचा साबण घेतला. पुढं कोणाला निवडाल तर त्याला आधी साबणाचं विचारा.” आम्हाला असा मंत्री राज्यात कुठे दिसलेला नाही.

मग ज्यांना उभं राहायचं होतं त्यांना पोरांनी प्रश्न विचारले. सर लोक व्हरांड्यात, आत फक्त पोरं आणि जुने मंत्री. मोठ्यांचे प्रश्न आपल्या ओळखीचे, आमटीचं काय करशील, कबड्डीचं मैदान कधी साफ करशील. दुसरीतली एक पोर उठली. तिने विचारलं, “रातीला मना बाहेर जायचा आसला तं तू उठशील का?”

दहावीत जाणाऱ्या पोराने लगेच सांगितलं, उठीन. दुसऱ्याने सांगितलं, उठीन. टाळ्या पडल्या. आठवीतली एक मुलगी होती, सहावीत एकदा नापास झालेली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “उठीन. पण अंधारात मलाही भ्या वाटतं. कंदील माझ्याजवळ पाहिजे, आणि त्यात रॉकेल पाहिजे. ते सरांकडून आणीन, मग उठीन.”

हे आम्हाला नंतर जुन्या मंत्र्यांनी सांगितलं. सांगताना त्यांनाही माहीत होतं की निवडणूक तिथेच झाली.

दाण्यांचीही गंमत झाली. पाच मडकी ठेवली, प्रत्येकावर चित्र, कारण पहिली-दुसरीला नाव वाचता येत नाही. मोर, मासा, भोपळा, ढोल, कोयता. कोयता कोणी घ्यायचा यावर अर्धा तास भांडण. पुढे घोंगडीचा पडदा बांधला. वालाचा एक-एक दाणा दिला. मोजले तर पोरांपेक्षा दाणे तेरा जास्त! कोणीतरी कोठीतून वाल उचलले होते. सर म्हणाले, बघा, सांगितलं होतं ना, पोरं बिघडतील. तेव्हा जुन्या मुख्यमंत्र्यानेच सांगितलं, सर, परत करू. दुसऱ्या दिवशी चिंचोके आणले, एका बाजूला चुना लावला, दारात एकेक हातावर ठेवला आणि बोटाला शाई लावली. या वेळी हिशेब बरोबर आला. मडकी सगळ्यांसमोर पालथी केली आणि पोरांनीच मोठ्याने मोजले. नापास झालेली मुलगी मुख्यमंत्री झाली.

तिने वर्षभरात काय केलं? मोठं काही नाही. एक वही केली, तिला पोरं आजारी वही म्हणतात. रोज सकाळी प्रत्येक खोलीचा मंत्री त्यात लिहितो, कोणाला ताप, कोणाला खरूज, कोणी जेवला नाही. त्याखाली अधीक्षकांची सही. सही झाली की “मला सांगितलं नाही” म्हणता येत नाही. दंडाची पावती आपल्याला कशासाठी लागते? लिहिलेलं असतं म्हणून. पोरीने कोणाला न विचारता तेच ओळखलं. गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका पोराला ताप आला, त्याच दिवशी तो दवाखान्यात गेला. अधीक्षकही आता म्हणतात की वहीमुळे त्यांची झोप नीट लागते. हे सुद्धा सांगितलं पाहिजे. चाळीस-चाळीस पोरं एका खोलीत आणि बघणारा एक माणूस, त्याचीही अडचण आहे.

सगळंच गोड झालं असं नाही. पोरांनीच निवडलेला भोजनमंत्री दिवाळीपर्यंत स्वतःच्या ताटात दोनदा भाजी घ्यायला लागला. पोरांनी सभा मागितली आणि त्याला काढलं. तो फार रडला. आता कबड्डी चांगली खेळतो.

पण एक गोष्ट अजून सुटलेली नाही, आणि ती आमच्या मनाला लागून आहे. फेब्रुवारीत निवड केली की कातकरी पोरं शाळेत नसतात. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात आणि पोरं बरोबर नेतात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे आम्ही वेळ सुधारायला गेलो आणि ज्यांना पहिल्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं तीच पोरं पुन्हा बाहेर राहिली. पोरांनी सध्या असं केलं आहे की मंत्रिमंडळात दोन जागा मोकळ्या ठेवायच्या. जूनमध्ये भट्टीवरून आलेली पोरं आणि पहिलीत नवी आलेली पोरं मिळून त्या भरतील. हे पुरेसं आहे असं आम्हाला वाटत नाही. कातकरी वाडीतल्या माणसांनी आज यावर बोलावं. आम्ही तुमच्या वतीने ठरवलं तर तेही नेमण्यासारखंच होईल.

राजस्थानात तिलोनिया नावाच्या गावाकडे रात्रशाळा चालतात. दिवसा बकऱ्या-गुरं राखणारी पोरं रात्री कंदिलाच्या उजेडात शिकतात. तिथे १९९३ पासून पोरांची संसद आहे. पोरंच मतं देतात आणि निवडून आलेली पोरं शाळा बघतात, मास्तर येतो का, सामान मिळतं का, आणि नसेल तर मोठ्यांना जाब विचारतात. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. पण गुरं राखणाऱ्या पोरांना जमतं ते आपल्या पोरांना जमणार नाही असं कोण म्हणेल?

आता आज हे का काढलं ते ऐका. आपल्या त्या शाळेचे मुख्याध्यापक बदलून गेले. नवे आले आहेत. त्यांनी सांगितलं आहे की आधीचं काही आम्हाला माहीत नाही, जूनमध्ये मी माझं मंत्रिमंडळ नेमीन. “माझं” म्हणाले. फेब्रुवारीत पोरांनी पुन्हा निवड केलेली आहे. ती मुलगी आता दहावीत जाईल, ती यंदा उभी राहिली नाही, तिने नव्यांना महिनाभर बरोबर फिरवून काम दाखवलं. ते सगळं एका खडूने पुसलं जाणार. आजारी वहीचं काय, असं विचारलं तर म्हणाले, आमचं रजिस्टर आहे.

नव्या सरांशी भांडण करायचं नाही. त्यांना अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. पण सांगायला आपण गेलं पाहिजे, आणि नुसत्या पुढाऱ्यांनी नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्यालासुद्धा आपली ग्रामसभा असू शकते हे मान्य केलं. आपण तहसीलदाराला म्हणतो की आमच्या गावाबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. मग आपल्याच पोरांबद्दल ठरवताना पोरांना विचारा, हे म्हणायला आपण का अडखळतो?

आणि हो, इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना राग येईल, पण बोलतो. आपल्या संघटनेच्या पाडा समित्या कशा झाल्या? दोन-तीन माणसं झाडाखाली बसली, म्हणाली हा बरा, तो बरा, आणि झालं. किती पाड्यांत बायांनी नाव सुचवलं? किती ठिकाणी तरण्या पोरांना विचारलं? आमच्या पाड्यात तर नाहीच विचारलं. शाळेतून आलेल्या त्या मुलीने आम्हाला तोंडावर विचारलं, “तुमची मडकी कुठं हायेत?” आम्ही हसलो. उत्तर आमच्याजवळ नव्हतं. पावत्यांची छाननी करणारी नवी समिती आज निवडायची आहे. चिंचोके आणलेले आहेत, मडकी त्या कोपऱ्यात झाकून ठेवली आहेत. पोरांनी चुना लावून दिला आहे.

शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी आपण शाळेवर जायचं. पोरांना सोडायला जातोच, तर एक तास जास्त थांबायचं. बरोबर फेब्रुवारीतल्या निवडीचा कागद न्यायचा, त्यावर जुन्या मुख्याध्यापकांची सही आहे. आजारी वही न्यायची, ती मुलीच्या घरी आहे, तिने उन्हाळाभर पत्र्याच्या डब्यात सांभाळली. नव्या सरांना वही वाचून दाखवायची. कोणाच्या पोराचं नाव त्यात आहे त्याने पुढे यायचं. बोलायचं निवडलेल्या पोरांनी. आपण मागे उभं राहायचं. त्यांनी अडखळलं तरी मध्ये तोंड घालायचं नाही, हे सगळ्यात अवघड जाणार आहे, आम्हाला सुद्धा.

कंदिलाचं रॉकेल मार्चपासून आलेलं नाही, तेही त्याच दिवशी विचारू. कोणत्या पाड्यावरून कोण येणार, ती नावं जेवणाआधी मागे त्या पोराकडे लिहून द्या. त्याचं अक्षर चांगलं आहे.